दोन मार्कांची व्याख्या आणि भास्कराचार्य

व्हायव्हाचा दिवस आठवा. लॅबबाहेर ओळ लागलीय, जर्नलची पानं शेवटची चाळून होतायत. आत गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो : बायनरी सर्च म्हणजे काय? उत्तर पाठच असतं. यादीचे मधोमध दोन भाग करत करत हवी ती गोष्ट पटकन शोधायची पद्धत. एका दमात सांगून मोकळं व्हायचं. पण समोरचे सर मान हलवत नाहीत. नुसते बघत राहतात. कारण एक गोष्ट राहिली. यादी आधी क्रमाने लावलेली हवी. ती लावलेली नसेल तर तुमची व्याख्या छोटी आहे, छान आहे आणि चूक आहे.

मग पुढच्या वेळी आपण दुसऱ्या टोकाला जातो. काहीही राहायला नको म्हणून दोन मार्कांच्या प्रश्नाला दीड पान लिहितो. त्यात सगळं असतं, फक्त व्याख्या सापडत नाही.

थोडक्यात सांगायचं की बरोबर सांगायचं, हा प्रश्न काही बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेला नाही. साधारण नऊशे वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंज घेतली. त्यांच्या घराण्याचा पत्ता तर आपल्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावहून पंधरा-वीस किलोमीटरवर, पाटणदेवीला. पावसाळ्यात तुम्ही तिथे बाइकवर गेला असाल, धबधब्यासोबत फोटोही काढला असेल. त्या माणसाचं नाव भास्कराचार्य.

बापच गुरू

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. हे आपल्याला नक्की माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच ते आपल्या ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवलंय. जन्माचं वर्ष, ग्रंथ लिहिला तेव्हाचं वय, गोत्र, गाव आणि वडिलांचं नाव, एवढं सगळं दोन-चार श्लोकांत. आजच्या भाषेत सांगायचं तर अगदी आटोपशीर बायोडेटा.

गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर, आणि तेच गुरू. घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती. त्यांच्या आधीच्या सहा पिढ्यांची नावं दगडावर कोरलेली आजही वाचता येतात. त्या दगडाकडे शेवटी येऊच. गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं दिलंय आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगितलंय. हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. कोणी ते कर्नाटकाकडे नेतं, कोणी पाटणच्या परिसरात धरतं. पण त्यांचा मुलगा आणि नातू यांचं पाटणशी असलेलं नातं शिलालेखातच आहे, त्यामुळे खान्देशाचा हक्क काही कमी होत नाही.

वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग. लीलावती हे अंकगणित आणि भूमितीचं पुस्तक, बीजगणित हे नावाप्रमाणेच, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे दोन भाग खगोलाचे. लीलावती ही त्यांची मुलगी होती आणि तिच्या लग्नाची घटिका एका मोत्यामुळे चुकली, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. ती गोष्ट आपल्याकडे आली अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे. तिच्यासमोर एवढी तारीख लिहून ठेवली की झालं.

पानभर गणित, दोन ओळींत

आता मुख्य अडचण बघा. त्या काळी छापखाना नाही. पोथी हाताने उतरवायची आणि विद्यार्थ्याने पाठ करायची. पाठ करायचं तर श्लोक हवा, आणि श्लोकात अक्षरं मोजून मिळतात. एक जादा झालं तर वृत्त मोडतं. म्हणजे ट्विटरवाल्यांच्याही आधी अक्षरमर्यादा होती, आणि ती मोडायची सोयच नव्हती.

मग ३९२७ सारखा आकडा श्लोकात बसवायचा कसा? त्यासाठी शब्दांचे आकडे असत. भ म्हणजे नक्षत्रं, म्हणून २७. नंद म्हणजे ९. अग्नी म्हणजे ३. एककाकडून वाचत गेलात की २७, मग ९, मग ३, झाले ३९२७. ख म्हणजे आकाश, म्हणून ०. बाण ५, सूर्य १२. झाले १२५०. एक प्रकारचं एन्कोडिंगच. ज्याला तक्ता माहीत आहे त्याला दोन शब्दांत आख्खी संख्या मिळते.

पण नुसतं आखूड करून ते थांबले नाहीत. लीलावतीची मांडणी बघा. आधी सूत्र, म्हणजे नियम, कमीत कमी शब्दांत. लगेच त्याखाली एक उदाहरण, त्यात कमळावरचे भुंगे असतील, नाहीतर मोर आणि साप असतील. मग न्यास, म्हणजे दिलेले आकडे मांडून दाखवणं. नियमात जे मावलं नाही ते उदाहरण सांगतं. आज एखाद्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन उघडा. वर एका ओळीत काम काय ते, खाली चालवून दाखवलेला कोड. मांडणी तीच.

पुस्तकाची सुरुवातसुद्धा त्यांनी परिभाषेने केलीय. कवड्यांपासून निष्कापर्यंत नाणी, वजनं, लांबी, धान्याची मापं. आठ यव, म्हणजे जवाचे दाणे, आडवे लावले की एक अंगुळ. २४ अंगुळांचा एक हात. चार हातांचा एक दंड. दोन हजार दंडांचा एक कोस. चार कोसांचं एक योजन. आणि एवढं झाल्यावर ते सरळ सांगतात, की काळ वगैरेंची बाकीची मापं लोकांत प्रसिद्धच आहेत, तिथूनच समजून घ्या. विषय संपला.

हे मला फार आवडलं. वाचणाऱ्याला जे आधीच माहीत आहे त्यावर शाई खर्च करायची नाही. जळगावच्या माणसाला भरीत म्हणजे काय ते सांगत बसायचं नसतं. पण चेन्नईच्या रूममेटला सांगताना भाजलेल्या वांग्याची भाजी एवढ्यावर भागत नाही. हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, मिरचीसोबत बडगीत कुटलेली, हे सगळं यावं लागतं. व्याख्या किती लांब हवी हे शब्दावर कमी आणि समोर कोण बसलंय यावर जास्त ठरतं.

खोटं न बोलता थोडक्यात

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वर जे दोन आकडे काढले, ३९२७ आणि १२५०, ते कशाचे? वर्तुळाच्या व्यासाला ३९२७ने गुणा, १२५०ने भागा, परीघ मिळतो. म्हणजे पाय झाला ३.१४१६. आणि त्याच श्लोकात त्यांनी दुसरा, सोपा मार्गही दिलाय : २२ने गुणा, ७ने भागा. दोन्ही दिले, पण दोन्हींवर चिठ्ठी लावून दिले. पहिला सूक्ष्म. दुसरा स्थूल, व्यवहाराला चालेल असा.

या चिठ्ठीची किंमत किती, ते आपणच आकडे मांडून बघू. समजा तुमच्या शेतात सात हात व्यासाची विहीर आहे. स्थूल नियमाने परीघ बरोबर २२ हात. सूक्ष्म नियमाने २१ हात आणि वर एका हाताचे १२५० पैकी १२३९ भाग. फरक किती? एका अंगुळाचा जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे जवाचे दोन दाणेही नाहीत. विहीर बांधणाऱ्या गवंड्याला ३९२७ने गुणायला लावलं तर तो तुम्हालाच विहिरीत ढकलेल. इथे २२ भागिले ७ हेच शहाणपण.

आता तोच नियम पृथ्वीला लावा. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा व्यास १५८१ योजनं आणि वर एका योजनाचा २४वा भाग असा धरलाय, आणि परीघ ४९६७ योजनं. २२ भागिले ७ने तोच परीघ जवळजवळ ४९६९ येतो. दोन योजनांचा घोळ. म्हणजे आठ कोस. विहिरीवर दोन दाण्यांहून कमी असलेली चूक पृथ्वीवर आठ कोसांची होते.

नियम तोच, चूकही त्याच प्रमाणात, पण एका ठिकाणी ती दिसत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी वाट चुकवते. म्हणून भास्कराचार्य सोपा नियम द्यायला नाही म्हणत नाहीत. त्यांची अट एकच. सोपा आहे तर सोपा आहे असं सांगा. स्थूल गोष्ट सूक्ष्म म्हणून विकू नका. खगोलातही ते हाच भेद करतात. ग्रह एका दिवसात किती सरकला ही त्याची स्थूल गती, आणि त्या क्षणाची गती ती सूक्ष्म. चंद्र भरभर चालतो आणि त्याची गती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिथे क्षणाचीच गती घ्यायची.

आपल्या नोट्समध्ये हा एक शब्द असता तर किती गोष्टी वाचल्या असत्या! रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती, हे स्थूल आहे. पहिल्या वर्षाला पुरेल. पण ते स्थूल आहे हे माहीत असलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी अडखळत नाही. ते सूक्ष्म समजून बसलेला अडखळतो.

राहून गेलेली अट

आता परत त्या व्हायव्हाकडे. क्रमाने लावलेली हा शब्द राहिला होता, आठवतंय? असाच एक शब्द राहिलेला नियम भास्कराचार्यांच्या हातात आला होता. चौकोनाच्या चार बाजू दिल्या की त्यावरून क्षेत्रफळ काढायचा एक नियम त्यांच्या आधीपासून चालत आला होता. नियम देखणा. चार आकडे टाका, उत्तर घ्या.

भास्कराचार्यांनी विचारलं, की चार बाजूंनी चौकोन ठरतो तरी का? घरातली जुनी बाज घ्या, सांधे ढिले झालेली. चारही दांडे तेवढेच, पण ढकललं की ती तिरकी होते. दांडे बदलले नाहीत, आतली जागा मात्र कमी झाली. त्यांचंच उदाहरण घ्या. चारही बाजू २५. कर्ण सारखे असतील तर क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० आणि ४० असतील तर ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर फक्त ३३६. बाजू त्याच, उत्तरं तीन.

म्हणून लंब किंवा कर्ण यांतलं काहीही न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच्च म्हटलंय. आणि अशा प्रश्नाचं उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच्च, असाही टोला मारलाय. तो जुना नियम मात्र त्यांनी फेकून दिला नाही. त्रिकोणाला तो तंतोतंत लागतो आणि चौकोनाला अस्फुट, म्हणजे नेमका नाही, अशी नोंद करून ठेवून दिला. कारण त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही.

व्याख्या छोटी करताना काय काढायचं आणि काय ठेवायचं, याची परीक्षा इथे मिळते. जो शब्द काढल्यावर उत्तर एकच राहतं तो जाऊ द्या. जो काढल्यावर एकाच्या जागी तीन उत्तरं येतात तो कितीही जागा खाल्ली तरी ठेवायचा.

कमी अक्षरांची टीका

नुसता नियम सांगणाऱ्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. तो तसा का, हे सांगता यायला हवं, हा त्यांचा हट्ट. त्याला ते उपपत्ती म्हणत. गोलाचं ज्ञान नसलेला गणिती त्यांना तुपाशिवायच्या जेवणासारखा वाटे.

चेंडूच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ घ्या. लल्ल नावाच्या आधीच्या आचार्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परीघाने गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी ते चूक ठरवलं आणि बरोबर नियम दिला : वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट. श्लोकात एवढंच, सोबत चेंडूभोवती विणलेल्या जाळीची उपमा. पण श्लोकात कारण मावेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्याच ग्रंथावर गद्यात टीका लिहिली आणि तिथे सावकाश समजावलं, की गोलाच्या आवळ्यासारख्या उभ्या फाका पाडा, एका फाकेचं क्षेत्रफळ काढा, मग सगळ्या मोजा.

त्या टीकेला वासनाभाष्य म्हणतात. तिचं दुसरं नाव मिताक्षरा, म्हणजे मोजक्या अक्षरांची. गंमत आहे ना? सविस्तर सांगायला बसले तरी नाव मोजक्या अक्षरांचंच. यातून एक गोष्ट कळते. सगळं एकाच वाक्यात कोंबायची गरज नसते. पाठ करायची ओळ वेगळी ठेवा, समजून घ्यायचा परिच्छेद वेगळा ठेवा. फक्त दोन्ही लिहा.

शून्याने केलेली कोंडी

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र समजू नका. शून्याने भागलेल्या संख्येला त्यांनी खहर हे नाव दिलं. ती अनंत आहे, तिच्यात काही मिळवा किंवा काढा, फरक पडत नाही, असं तिचं वर्णन केलं. शब्द छोटा, कल्पना धाडसी. पण पुढे त्यांनी असंही धरलं, की संख्येला शून्याने गुणलं आणि मग शून्यानेच भागलं तर मूळ संख्या परत मिळते. लीलावतीत यावर एक गणितही आहे. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्धं मिळवा, तिपटीने वाढवा, शून्याने भागा, उत्तर ६३. तर संख्या कोणती? त्यांचं उत्तर १४.

आजच्या गणितात हे बसत नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे काहीही येऊ शकतं, म्हणून ते ठरवताच येत नाही. इथे बाज पुन्हा तिरकी झाली आणि या वेळी खुद्द आचार्यांच्या हातात. तरी त्यांना हसण्याआधी आपल्या लॅपटॉपवर एक करून बघा. पायथनमध्ये एकाला शून्याने भागा, एरर येते. जावास्क्रिप्टमध्ये भागा, इन्फिनिटी येते. नऊशे वर्षांनीही दोन भाषांचं एकमत नाही. शून्याने भागणं म्हणजे काय याची एका ओळीची व्याख्या लिहायची तर कुठे, हे आधी सांगावंच लागतं.

म्हातारपणातलं छोटं पुस्तक

११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. सिद्धान्तशिरोमणी ज्यांना झेपत नाही, पण पंचांगासाठी ग्रहांचं गणित तर करायचंय, अशांसाठी ही सोपी, छोटी पुस्तिका. जुन्या युगापासून मोजत यायचं नाही, जवळचंच वर्ष धरायचं आणि मोठ्या गुणाकारांना आडवाटा काढायच्या. तरुणपणी मोठं लिहिलं, म्हातारपणी छोटं. मला वाटतं हा क्रम योग्यच आहे. विषय पूर्ण माहीत असल्याशिवाय काय गाळायचं ते कळत नाही. आपण मात्र छोटी गाइडं वाचून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

त्यांच्यानंतर मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या नातवाने पाटणला मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. एका माणसाचं पुस्तक शिकवायला काढलेलं कॉलेजच म्हणा ना! त्या भागातल्या निकुंभ घराण्याच्या राजांनी मठाला देणगी दिली आणि ती शके ११२८च्या शिलालेखात नोंदवली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख पाटणच्या देवीच्या देवळात शोधून काढला, आणि भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आपल्याला मिळाली.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. पण मठाला काय काय मिळणार हा व्यवहाराचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात उतरणाऱ्या मालावरचा वाटा, तेलाच्या घाण्यांकडून तेल. वंशाचं कौतुक संस्कृतात, आणि जिथे माप चुकलं तर भांडण होईल ते तेली आणि व्यापारी यांना कळेल अशा भाषेत. नातू आजोबांचाच होता.

जाता जाता माझीही एक गोष्ट सांगते. इंटर्नशिपच्या सुरुवातीला मला ऑनलाइन व्यवहारातल्या शब्दांची चौकट लिहायला दिली होती, एका शब्दाला वीस शब्द. मी लिहिलं, ओटीपी म्हणजे मोबाइलवर येणारा नंबर, जो सांगितल्यावर व्यवहार पूर्ण होतो. मला वाटलं, काय मस्त जमलंय. पान लागायच्या आधी डेस्कवरच्या ताईंनी त्यातला सांगितल्यावर हा शब्द खोडला आणि तिथे लिहिलं, आपण स्वतः टाकल्यावर. पुढे जोडलं, कोणालाही सांगू नये. शब्द वाढले. त्यासाठी त्यांनी शेजारच्या चौकटीतलं एक विशेषण काढलं आणि जागा केली. माझी व्याख्या वाचून गावाकडच्या एखाद्या काकांनी फोनवर नंबर सांगून टाकला असता तर? त्या रात्री मला चार बाजूंचा चौकोन नीट कळला.

पुढच्या वेळी पाटणदेवीला गेलात तर धबधब्याकडे पळण्याआधी पाच मिनिटं देवळात थांबा. आणि पुढच्या व्हायव्हाला उत्तर देण्याआधी एकदा मनात तपासा : यातला कोणता शब्द काढला तर बाज तिरकी होईल? तो पहिला सांगा.